अंगठ्याखालची रेघ

चि. ऋता आणि चि. ईशान,

ऋताने परवा तिच्या पायाच्या अंगठ्याचा फोटो पाठवला. नखाच्या साधारण मधोमध एक आडवी, खोलगट रेघ. खाली लिहिलं होतं, "आजी, हे काय आहे? आई म्हणते, काही नाही." तुझी आई म्हणते ते बहुधा बरोबर असेल. हिवाळ्यात तुला जो मोठा ताप आला होता, त्याची ती खूण असावी. ताप अंगात असताना नखाची वाढ अडते, ताप उतरला की ती पुन्हा सुरू होते, आणि मधल्या खोळंब्याची रेघ नखावर राहते. नख वाढेल तशी ती पुढे सरकेल आणि एक दिवस कापली जाईल. तरी एकदा डॉक्टरांना दाखव.

खरं तर एवढं लिहून मला थांबता आलं असतं. पण नख बघून कुणी "काही नाही" म्हटलं की माझा पटकन विश्वास बसत नाही. त्याचं कारण यमुनाबाई. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही, म्हणून आज क्रमाने सांगते.

तेव्हा मी मुरबाड तालुक्यात, धसईच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा नोकरीसाठी शहापूरला. आठवडाभर मी धसईत एका चाळवजा घरात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीने शहापूरला जायची. शेजारच्या खोलीत यमुनाबाई राहत. त्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या टोकावड्याच्या, माळशेजच्या रस्त्यावरच्या. एकट्याच होत्या. का, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, पांढरं कडक इस्त्रीचं पातळ नेसणाऱ्या. बाराही महिने पायांत मोजे आणि काळे बूट. भातलावणीच्या दिवसांत सगळं गाव चिखलातून अनवाणी फिरायचं, तेव्हाही यांचे मोजे पायांत. त्यांच्या स्वतःच्या पायाचं नख कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. ते त्यांनी मुद्दामच केलेलं होतं, असा माझा अंदाज आहे.

कारण त्या दुसऱ्यांची नखं बघत. माणूस समोर आला की त्यांची नजर आधी त्याच्या पायांवर जायची. तिथे ती थोडा वेळ फिरायची, आणि मग कुठे वर चेहऱ्यापर्यंत यायची. "माणूस तोंड धुवून येतो, पाय धुवून येतो," त्या म्हणत, "नख काय बदलून येत नाय." हाताच्या नखांवर त्यांचा भरवसा नव्हता. हाताची नखं राखेने भांडी घासून, माती उकरून झिजतात आणि भरभर वाढतात, म्हणजे झालेलं लवकर विसरतात. पायाचं नख सावकाश वाढतं. वर्ष-दीड वर्षापूर्वीचं दुखणंही ते धरून ठेवतं. हे सगळं त्या मला एखाद्या चोराची खोड सांगावी तशा आवाजात सांगत.

संशय हा त्यांचा पिंडच होता. दूधवाला आला की दुधाचा एक थेंब त्या आपल्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर घ्यायच्या आणि नख तिरकं करायच्या. थेंब पटकन ओघळला की दुधात पाणी. मग दूधवाल्याकडे बघत त्या काहीच बोलायच्या नाहीत, आणि ते न बोलणं त्याला शिव्यांपेक्षा झोंबायचं. कुणाच्या घरी चहा घेतला तर तो उकळताना स्वतः चुलीपाशी उभ्या राहायच्या. एसटीत नेहमी मागच्या बाकावर बसायच्या, म्हणजे पाठीमागे कुणी नको आणि पुढचे सगळे दिसावेत. दाराला दोन कुलपं. दुसरं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पहिल्याची किल्ली कोणी केली असंल तर?"

आमची ओळखही संशयानेच सुरू झाली. मी नुकती राहायला आले होते. पाणी भरून ओट्यावर पाय धूत बसले होते. यमुनाबाई दवाखान्यातून आल्या, थांबल्या, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, गेल्या साली लई आजारी व्हतात."

मला आदल्या वर्षी टायफॉईड झाला होता. शाळेत मी तो कुणाला सांगितला नव्हता. आजारी बाईला खेड्यातली बदली मिळाली की लोक हवं ते समजतात. मला एकदम कुणी तरी माझी पेटी उघडून बघितल्यासारखं वाटलं. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगठ्यानं."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. आमच्याकडे धुणं करायला येणारी बाई त्यांच्याकडेही जात होती, आणि तिला मी टायफॉईडनंतर केस गळल्याचं सांगितलं होतं. यमुनाबाई आधी ऐकतात आणि मग बघतात, असा संशय माझ्या मनात त्या दिवशी आला. तो पुढे कधीच पूर्ण गेला नाही. नखात जे असतं ते त्या वाचत, की गावात जे असतं ते नखात बघत? मी कितीदा विचार केला, पण मला याचा निकाल लावता आला नाही.

पुण्याला माझा मावसभाऊ डॉक्टर होता. सुट्टीत मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बाई अगदीच थापा मारत नाहीत. मोठ्या तापानंतर आडवी रेघ येते. रक्त फार कमी झालं की नख चमच्यासारखं खोलगट होतं. पण उभ्या बारीक रेघा वयाने येतात, आणि अर्ध्या गोष्टी तर चपलांनी, बुटांनी आणि ठेचांनी होतात. नुसत्या नखावरून रोग सांगणारा डॉक्टर मला दाखव, मी त्याचं दुकान बंद करतो, असं तो हसत म्हणाला. मी ते यमुनाबाईंना सौम्य करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमचा भाऊ पेशंटचे बूट काढतो का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. "मग त्याला काय ठावं."

आता त्यांच्या चुका. आमच्या शाळेचा शिपाई गणपत, याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं पिवळी, जाड आणि आडव्या वळ्यांची झाली होती. यमुनाबाईंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. गणपतला त्यांनी ठाण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याच्या बायकोने देवाला नवस बोलला, शाळेत मुलं त्याला पाणी आणून देऊ लागली, हेडमास्तरांनी त्याच्याकडून घंटाही वाजवून घेणं बंद केलं. गणपत परत आला तो रागावून. जावयाने दिलेले बूट त्याला एक माप लहान होते आणि जावयाला वाईट वाटेल म्हणून तो ते रोज घालत होता. डॉक्टरांनी त्याला बूट बदलायला सांगितलं होतं.

गणपत दवाखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "नर्सबाय, माजी तेराव्याची तयारी चालली व्हती घरात."

यमुनाबाई जराही वरमल्या नाहीत. त्या त्याच्या बुटांकडे बघत राहिल्या. "जावयाचा संशय आला पायजे व्हता मला," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या नखाआधी चप्पल उलटी करून बघायला लागल्या.

शाळेत तपासणीला आल्या की मुलामुलींना ओळीने अनवाणी बसवायच्या आणि ड्रॉपरने प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखावर पाण्याचा थेंब सोडायच्या. निरोगी नखावरून थेंब घसरतो. खोलगट नखात तो बसून राहतो. ज्याच्या नखात थेंब बसला त्याला लोहाच्या गोळ्या. मुलं या गोळ्या कुंपणात फेकतात हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं, म्हणून गोळी समोर गिळायची आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मुलींना यात फार मजा वाटे. एकमेकींच्या नखांवर थेंब सोडून त्या विचारत, "बसला का गो?"

इथपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण आपल्याकडे पायाला आणखी एक अर्थ आहे. नवी सून घरात आली आणि घराचं बरं झालं की म्हणतात, पायगुण चांगला. वाईट झालं की तेही तिच्याच पायांवर. मुलगी बघायला आलेली म्हातारी माणसं तिच्या पायांकडे बघतात ती त्यासाठी. यमुनाबाई पाय बघून सांगतात ही गोष्ट गावोगाव गेली, आणि लोकांनी ती आपल्या पद्धतीने समजून घेतली. नर्सबाई पायगुण सांगते.

मंजुळाचं असंच झालं. धसईच्याच एका शेतकऱ्याची मुलगी, काळीसावळी, कामाला वाघीण. तिला बघायला आलेल्यांनी जाता जाता यमुनाबाईंना बोलावलं. त्यांनी मुलीचं नख बघितलं आणि जे दिसलं ते सांगितलं: हिच्या अंगात रक्त नाही, वर्षभर लग्न करू नका, गोळ्या घेऊ द्या. त्यांनी सांगितलं औषधाचं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते असं, की हिचा पाय वाईट. ते परत आले नाहीत, आणि त्यांच्यामागून दुसरंही कुणी आलं नाही. मंजुळाने गोळ्या घेतल्या, वर्षात तिचे गाल भरले, पण लग्न झालं नाही.

ती दवाखान्यासमोरून पाण्याला जायची. यमुनाबाई दारात असल्या तर ती चालता चालता वाकून लुगड्याचा काठ पावलांवर ओढून घ्यायची. मी ते बघितलंय. आणि हेही बघितलंय, की सगळ्या गावाच्या पायांकडे बघणाऱ्या यमुनाबाई मंजुळा जवळ आली की समोर बघायच्या. थेट समोर, रस्त्यापलीकडच्या भाताच्या गिरणीकडे.

त्यानंतर त्यांनी मुली बघायला जाणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं तर म्हणायच्या, मी काय जोशी नाय. माणसं चिडून जायची.

मग एक वर्ष असं आलं की भादव्यात घरोघर ताप शिरला. डोळे लाल, अंग मोडून यायचं, माणसं आठ-आठ दिवस उठत नव्हती. मुरबाडकडच्या आणि शहापूरकडच्या दोन्ही बाजूंच्या गावांत तेच. शाळा ओस पडली. यमुनाबाई एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जात होत्या. त्यांना एवढं थकलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तरी कुणाच्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत. बाटली बरोबर.

पुढच्या माघात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला बघायला पाहुणे यायचे होते. तिचं नाव वनिता. हुशार मुलगी, इंग्रजीचं स्पेलिंग तिचं कधी चुकलं नाही. तिचे वडील बाळाराम शेती करून बाजारच्या दिवशी भाजी विकायचे. वनिता दहावीनंतर घरी होती. आदल्या वर्षी होळीच्या आधी ती कल्याणला मामाकडे गेली, शिवणाचा क्लास करायला म्हणून, आणि पेरण्यांच्या सुमाराला परत आली. आली ती वाळून, डोळ्यांखाली काळं घेऊन. शिवण तिला फारसं येत नव्हतं. गावात कुजबुज झाली. क्षयापासून तुम्हाला सांगू नये अशा गोष्टीपर्यंत प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे अंदाज केला. बाळारामच्या बायकोने एकदा विहिरीवर सांगून टाकलं, की मुलगी फक्त कंटाळून आली. मग कुणी तोंडावर काही बोललं नाही.

पाहुणे शहापूर तालुक्यातले, शेणव्याचे. मुलगा कारखान्यात कामाला. घर चांगलं. त्याच्या आत्याने कुजबुज ऐकली होती, आणि ती यायच्या आधीच निरोप आला होता की नर्सबाईंना बोलावून ठेवा. नाही म्हटलं असतं तर काही तरी लपवताय असा अर्थ झाला असता. बाळाराम यमुनाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. मी माझ्या खोलीत होते, भिंत पातळ होती. त्या आल्या तरी आणि नाही आल्या तरी लग्न मोडण्याची भीती आहे, एवढंच म्हणाला. मग दोन कुलपं लावल्याचा आवाज आला.

मला वनिताची शिक्षिका म्हणून बोलावलं होतं. पडवीत चटया टाकल्या होत्या. मुलगा, त्याचे वडील, आत्या. आत्या अंगाने मोठी, बोलायला गोड, डोळे सारखे फिरते. पोहे झाले, चहा झाला. वनिताने पायांच्या नखांना लाल रंग लावला होता, चांगला दाट. यमुनाबाईंनी तो बघितला आणि मला वाटलं, आता झालं. रंग लावला म्हणजे काही तरी झाकलंय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

आत्या म्हणाली, "नर्सबाय, बघा जरा. तुमच्या नजरेतून गेलं म्हंजी आमी निवांत."

यमुनाबाई जमिनीवर बसल्या आणि हात पुढे केला. वनिताने पाय दिला. इथे मला एक गोष्ट खटकली. यमुनाबाईंनी पाय हातात घेतला की कुणीही दचकतं, अंग चोरतं, मीसुद्धा दचकले होते. वनिता दचकली नाही. हात ओळखीचा असावा तसा तिने पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

यमुनाबाईंनी डोळे मिटले. रंग डोळ्याला फसवतो, बोटाला नाही. हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी वनिताच्या नखावरून मुळापासून टोकाकडे सावकाश सरकवलं. मुळाच्या जरा पुढे तो अंगठा किंचित अडला. पुढे गेला. टोकाकडे पुन्हा अडला, आणि तिथेच राहिला.

बाळारामची बायको आतल्या दारात चटईचं टोक सारखं सरळ करत होती.

"काय लागलं?" आत्याने विचारलं.

"रेघ हाय."

"कसली गो?"

"आजाराची."

आत्याने मुलाच्या बापाकडे बघितलं. जे ऐकायला आली होती ते तिला अर्धं मिळालं होतं. तिने उरलेलं मागितलं. "कवाचा आजार म्हणायचा?"

यमुनाबाईंनी डोळे उघडले. वनिताच्या तोंडाकडे त्या बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं आत्याकडे, म्हणजे आत्याच्या पायांकडे.

"तुमचा पाय पुढं करा."

"माजा कशाला?"

"करा तर."

आत्या हसली, मग कुणीच हसत नाही हे बघून तिने पाय पुढे केला. यमुनाबाईंनी दुसऱ्या हाताने तिचं नख चाचपलं आणि सगळ्यांना दिसेल असं बोट ठेवलं. मुळाच्या जरा पुढे आडवी रेघ. मग मुलाच्या बापाला पाय मागितला. त्याच्याही नखावर, त्याच ठिकाणी. मग मुलाला म्हणाल्या, "आता नवरदेव. बूट काढा."

मुलगा लाजला. एका मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा आधीच बाहेर आला होता. बाळारामच्या घरातलं कुणी तरी आतून फिस्कन हसलं. मुलाचीही रेघ तिथेच.

"भादव्याचा ताप," यमुनाबाई म्हणाल्या. "यांच्या घरी आला, तुमच्या घरी बी आला. आता कोणाचं लगीन मोडायचं ते तुमी ठरवा."

मुलाचा बाप आधी हसला. मग सगळेच. आत्याने पाय पोटाशी घेतला आणि लुगड्यात गुंडाळला. नारळ आणायला कुणी तरी धावलं. त्या गोंधळात वनिताने आपला पाय काढून घेतला, आणि यमुनाबाईंचा अंगठा तिच्या नखावरून उठला. इतका वेळ, आत्याचा, बापाचा, मुलाचा पाय बघताना, तो हात तिथून हलला नव्हता.

मी बाजूलाच बसले होते. पडवीत उतरतं ऊन होतं. रंगाखालीसुद्धा दिसत होतं. वनिताच्या नखावर दोन रेघा होत्या. एक सगळ्यांसारखी, मुळाच्या जरा पुढे. दुसरी टोकाकडे, जास्त खोल. ती भादव्याची असणं शक्य नव्हतं. त्याच्या कितीतरी आधीची होती ती. मग तो पाय साडीत गेला.

परत येताना मी आणि यमुनाबाई दोघीच रस्त्याने चालत होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, दोन रेघा होत्या ना.

त्या थांबल्या. नेहमीप्रमाणे आधी माझ्या पायांकडे, मग वर.

"बाई, चष्म्याचा नंबर कवा काढलात?"

"यमुनाबाई, मी बघितलं."

"तुमी पोरांचे पेपर तपासा," त्या म्हणाल्या. "नखं माज्याकडं राहू द्या."

पुढे चालत राहिल्या. मी मात्र कितीतरी दिवस मनात जुळवणी करत होते. वनिता कल्याणला असताना, चैत्रात, यमुनाबाईंनी आठवडाभर रजा घेतली होती. टोकावड्याला जाते म्हणाल्या होत्या. पण टोकावड्याहून येणारी बस सकाळी यायची आणि त्या आल्या होत्या संध्याकाळी, मुरबाडच्या बाजूने, म्हणजे कल्याणहून येणाऱ्या गाडीने. तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता. आता केला. त्यांनी तो पाय आधी कधी हातात घेतला होता का? आणि असेल, तर त्या दिवशी पडवीत त्यांनी डोळे मिटून काय वाचलं? मी कुणालाच विचारलं नाही. वनिता शेणव्याला नांदते आहे, तिची मुलं आता मोठी झाली. शहापूरच्या बाजारात भेटली तर वाकून नमस्कार करते आणि मी तिच्या पायांकडे बघत नाही.

त्या दिवसानंतर यमुनाबाईंचा शब्द माझ्यासाठी बदलला. आधी मला वाटायचं, ही बाई चुकू शकते. आता वाटायला लागलं, ही बाई झाकू शकते. कुणाच्या पायावरून हात उचलून त्या "काय नाय" म्हणाल्या की माझी नजर त्यांच्या अंगठ्यावर जायची. तो कुठे थांबला होता, किती वेळ थांबला होता, ते मी बघायची. त्यांच्यासारखीच झाले मी थोडीशी.

माझी बदली झाली, मग मी निवृत्त होऊन शहापूरला आले. त्याही निवृत्त होऊन टोकावड्याला गेल्या. मध्ये बरीच वर्षं गेली.

तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी एका लग्नाहून परतताना मुरबाडच्या एसटी स्टँडवर थांबले होते. त्या वर्षी माझं वजन उतरलं होतं, ठाण्याला तपासण्या चालू होत्या, अहवाल यायचा होता. पुढे ऑपरेशन झालं आणि मी त्यातून नीट उठले, हे तुम्हाला माहीतच आहे. पण त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं.

बाकावर कुणी तरी म्हणालं, "बाई."

पांढरं पातळ, काळे बूट, मोजे तेच. केस मात्र पार पांढरे. नजर माझ्या पायांवर होती. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोललो. टोकावड्यात धाबे किती झाले, घाटाकडे जाणाऱ्या गाड्या किती वाढल्या, नवा दूधवाला कसा लबाड आहे. मी वजनाचं काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "चप्पल काढा."

भर स्टँडवर, शेंगदाणेवाल्यासमोर, मी चप्पल काढली. त्यांनी वाकून माझा पाय घेतला. अंगठा तसाच, मुळापासून टोकाकडे. आजोबांच्या आजारपणातल्या जागरणांचं काही तिथे असेल तर असो, असं मी मनात म्हणत होते. अंगठा नखाच्या मध्यावर अडला. थांबला.

"काय?" मी विचारलं.

"काय नाय, बाई. वय झालं. उभ्या रेघा येतातच."

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो उठला नव्हता.

टोकावड्याची गाडी लागली. लोक धावले. त्यांनी माझा पाय अलगद खाली ठेवला, चप्पल सरळ करून पुढे सरकवली, आणि पिशवी घेऊन उठल्या. मी पायाकडे बघितलं नाही, घाईने चप्पल घातली.

त्या गाडीत चढल्या आणि मागच्या बाकावर, खिडकीशी बसल्या. खाली फलाटावर सगळ्या मुरबाडचे पाय होते, चपलांतले, बुटांतले, अनवाणी. माझेही होते. गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते. यमुनाबाईंनी एकदाही खाली पाहिलं नाही. त्या समोर बघत होत्या, थेट समोर.